तीनाचा सहा, ‘ताक’चं ‘टाक’ आणि बोटांत न बसणारं ‘तिरकिट’

गेल्या अंकात ‘मेंदू आणि शिकणं’ यावर प्रश्न पाठवा असं लिहिलं, आणि टपाल आणि व्हॉट्सॲप मिळून एवढे प्रश्न आले की संपादकांनी मला फोन करून ‘आता पुरे असं छापू का’ विचारलं. नव्या वाचकांसाठी ओळख एवढीच: मी एकतीस वर्षं एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र शिकवलं. मेंदूचे तास माझ्या वाट्याला आले, कारण विभागात दुसऱ्या कुणाला ते नको असायचे. आता मिरजेत राहते. पाच पत्रं घेतली आहेत. नावं छापत नाही, गाव तेवढं ठेवलंय.

प्रश्न: मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीला शिकवते. वर्गात एक मुलगा आहे. गोष्ट छान सांगतो, बाजाराचा हिशेब तोंडी करतो. पण ३ लिही म्हटलं की ६ लिहितो आणि ६ च्या जागी ३. ‘क’सुद्धा कधीकधी उलटा काढतो. त्याच्या वडिलांना कुणीतरी ‘मेंदूत दोष आहे’ असं सांगितलंय. ते घाबरलेत. तालुक्याला दाखवायला सांगू का? (एक शिक्षिका, चंदगड)

बाई, वडिलांना आधी शांत करा. त्या पोराचा मेंदू आजवर जे इमानानं करत आला तेच करतोय. घोटाळा आपल्या आकड्यांनी घातलाय.

चहाच्या कपाचा कान डावीकडे असो की उजवीकडे, कप तोच. म्हैस पूर्वेकडे तोंड करून उभी असो की पश्चिमेकडे, म्हैस तीच. बाजू बदलली की नवी म्हैस समजणारा गुराखी संध्याकाळी काय घरी आणेल? डोळ्यांनी आणलेल्या चित्रातून वस्तू ओळखणारी मेंदूतली व्यवस्था डावं-उजवं फारसं मनावर घेत नाही, आणि जन्मापासून त्यात पोराचा फायदाच झालेला आहे. मग पाच-सहा वर्षांचा झाल्यावर आपण त्याला शाळेत बसवतो आणि सांगतो, हा आकडा इकडे उघडा असेल तर तीन, तिकडे उघडा असेल तर सहा. देवनागरीतले ३ आणि ६ म्हणजे जवळजवळ एकमेकांचे आरसे. पोरानं आपल्याकडे संशयानं बघावं असाच हा नियम आहे.

त्यात लिपीचं वय जेमतेम पाच हजार वर्षं. एवढ्यात मेंदूत वाचनासाठी वेगळी खोली बांधून होत नाही. म्हणून वाचायला शिकणारा प्रत्येक मेंदू जुन्या खोलीत पोटभाडेकरू ठेवतो. ती जागा डाव्या बाजूला मागे, खालच्या अंगाला आहे, चेहरे आणि वस्तू ओळखणाऱ्या पट्ट्याला लागून. फ्रान्सचे स्तानिस्लास देहेन यांनी या जागेवर पुष्कळ काम केलंय. अक्षरं तिथे राहायला आली की त्या जागेला अक्षरांपुरती आरशाची सवय मोडावी लागते. ती एका आठवड्यात मोडत नाही.

यातला २०१७ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास मला फार आवडतो, कारण त्यात आपली लिपी आहे. लखनौच्या आसपासच्या खेड्यांतल्या निरक्षर प्रौढांना सहा महिने देवनागरी वाचायला शिकवलं. बहुतेक बायकाच होत्या, तिशीच्या आसपासच्या. शिकण्याआधी आणि नंतर एमआरआय काढले. वरच्या सालीत काहीतरी बदललेलं दिसेल एवढीच कुणाचीही अपेक्षा असते. पण बदल दिसला थेट खोलवर, थॅलॅमसमध्ये आणि मेंदूच्या देठात. डोळ्यांकडून आलेलं वर पाठवणाऱ्या जुन्यापुराण्या ठाण्यांचा वरच्या दृष्टिकेंद्रांशी ताळमेळ वाढला होता. हे तिशीतल्या बाईच्या मेंदूत होत असेल, तर तुमच्या सहा वर्षांच्या गड्याची काळजी कशाला?

आता करायचं काय. गिरवून घेण्यावर फार विसंबू नका. हे वाचून तुम्हाला राग येईल हे मला माहीत आहे, कारण माझी सख्खी बहीण बालवाडीत शिकवायची आणि तिला आला होता. अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात कॅरिन जेम्स यांनी २०१२ साली अजून वाचता न येणाऱ्या पाच वर्षांच्या मुलांवर एक प्रयोग केला. तीच मुलं, पण अक्षरं तीन तऱ्हांनी: काही कोऱ्या कागदावर स्वतः काढायची, काही तुटक रेषांवरून गिरवायची, काही कीबोर्डवर नुसती दाबायची. नंतर ती अक्षरं दाखवताना मेंदूची छायाचित्रं घेतली. वाचनाची व्यवस्था जागी झाली ती स्वतः काढलेल्या अक्षरांना. गिरवताना पेन्सिल रेषेवरून चालते आणि मेंदू मागे बसून राहतो. स्वतः काढलेलं अक्षर दरवेळी वेगळं वाकडं येतं, आणि त्या दहा वाकड्या रूपांतून ‘हे सगळे तीनच’ असं मेंदूला स्वतःला ठरवावं लागतं.

म्हणून धूळपाटी काढा. मैदानावरची माती चालेल. मोठा, हातभर तीन काढायला लावा, डोळे मिटून हवेतही. ३ आणि ६ एकाच आठवड्यात शिकवू नका. तीन हाताला पक्का बसला की मग सहा. घ-ध आणि भ-म यांची गल्लत ही वेगळी गोष्ट आहे, तिथे आरसा नाही, डोक्यावरच्या बारीक फरकाची नजर लागते. तिसरी लागली तरी उलटं लिहिणं चालूच असेल, आणि त्याबरोबर ‘कमळ’मधला पहिला आवाज कोणता, ‘क’ काढून टाकला तर काय उरतं, हे तोंडी विचारूनही सांगता येत नसेल, तर जरूर तपासून घ्या. नुसतं उलटं लिहिणं म्हणजे वाचन-अक्षमता नव्हे. डोळे आणि कान मात्र आत्ताच तपासा. ते सगळ्याच मुलांचे तपासावेत.

प्रश्न: आमच्या इथे ‘मिड-ब्रेन ॲक्टिव्हेशन’चा वर्ग निघालाय. शेजाऱ्यांची मुलगी डोळ्यांवर पट्टी बांधून पेपरचे मथळे वाचते, रंग ओळखते. फी पंचवीस हजार. आमच्या मुलाला घालू का? (एक वडील, नगर)

नको. मध्यमेंदू म्हणजे मेंदूच्या देठाचा वरचा जेमतेम दोन सेंटिमीटरचा तुकडा. त्याला ‘चालू’ करायला वर्ग लागत नाही. मुलाच्या डोळ्यावर टॉर्च मारा. बाहुली आकसली? ते काम मध्यमेंदूतून होतं, म्हणजे तो चालू आहे, फुकटात. तो बंद पडलेला माणूस पेपर वाचत नाही, अतिदक्षता विभागात असतो.

राहिली पट्टी. नाकाच्या दोन्ही बाजूंना जी फट राहते तिच्यातून खाली दिसतं. मुलीला पेपर मांडीवर न देता तिच्या डोक्याच्या वर धरा, किंवा खोलीतला दिवा घालवा. मुलीवर मात्र ओरडू नका. तिला बहुधा असं वाटत असतं की सगळ्यांना असंच ‘दिसतं’, आणि नाही म्हटलं तर आईबाबांचे पैसे वाया जातील. एवढ्याशा पोरीनं उचलायचं हे ओझं नाही. पंचवीस हजारांत घरात पुस्तकांचं एक कपाट उभं राहतं.

प्रश्न: मी लातूरला राहून नीटची तयारी करतोय. दुसरा अटेम्प्ट आहे. बायोलॉजीचं पुस्तक पाच वेळा वाचून झालं, हायलायटरनं पानं पिवळी झालीत. वाचताना सगळं येतं. पेपरात चार पर्याय समोर आले की दोन सारखेच वाटतात. रात्री दोनपर्यंत अभ्यासिकेत असतो, सहाला उठतो. माझा मेंदूच कमी पडतोय का? (एक विद्यार्थी)

अरे, ‘वाचताना सगळं येतं’ हेच तुझं दुखणं आहे.

एसटी स्टँडवर एखादा चेहरा दिसतो. ओळखीचा आहे हे शंभर टक्के. नाव? नाव येत नाही. ओळख पटणं आणि आठवणं ही दोन वेगळी कामं आहेत. पाचव्यांदा वाचताना तुला प्रत्येक ओळ ओळखीची वाटते आणि मेंदू म्हणतो, झालं, येतंय. आठवण्याचं काम त्यानं एकदाही केलेलं नसतं. ते काम तो पहिल्यांदा परीक्षेच्या हॉलमध्ये करायला जातो.

सेंट लुईसमध्ये रोडिगर आणि कार्पिकी या दोघांनी २००६ साली हे मोजलं. कॉलेजातल्या मुलांना एक उतारा दिला. एका गटानं तो चार वेळा वाचला. दुसऱ्या गटानं एकदाच वाचला आणि पुढचे तीन वेळ कागद मिटून, आठवेल तेवढं कोऱ्या पानावर लिहिलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते, ८३ टक्क्यांविरुद्ध ७१. आठवड्यानं घेतली तेव्हा वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवलं, लिहिणाऱ्यांना ६१. आणि गंमत ही, की आपल्याला आठवड्यानंतरही जास्त आठवेल असा भरवसा वाचणाऱ्यांनाच जास्त होता. तुझ्या हायलायटरचा रंग याच भरवशाचा आहे.

आत काय होतं ते थोडक्यात सांगते, तुझ्या सिलॅबसच्या बाहेरचं आहे पण कामाला येईल. दोन चेतापेशींमध्ये जोड असतो, सिनॅप्स. ओस्लोत केलेल्या आणि १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या कामात टिम ब्लिस आणि तेर्ये लोमो यांनी दाखवलं की सशाच्या हिपोकॅम्पसमधल्या, म्हणजे नव्या आठवणी घडवणाऱ्या भागातल्या, अशा जोडांवर थोडा वेळ भराभर विजेचे झटके दिले तर ते जोड नंतर कित्येक तास जास्त जोरानं प्रतिसाद देतात. वापरलेली पायवाट रुंदावते तसं. पण रुंदी टिकायची तर पेशीला नवी प्रथिनं बनवावी लागतात, जोडाचा आकार बदलावा लागतो, आणि त्याला तास लागतात, दिवस लागतात. एका बैठकीत पाच वेळा तीच पायवाट तुडवण्यापेक्षा आज, परवा, पुढच्या आठवड्यात असं गेलेलं जास्त टिकतं ते यामुळेही.

आणि दोन ते सहा ही झोप नव्हे. १९९४ साली विल्सन आणि मॅकनॉटन यांनी उंदरांच्या हिपोकॅम्पसमध्ये बारीक तारा बसवून पाहिलं होतं. उंदीर जागेपणी फिरताना ज्या पेशी बरोबरीनं चेतल्या, त्याच पेशी नंतरच्या झोपेत पुन्हा बरोबरीनं चेतत होत्या. झोपलेला उंदीर उजळणी करत होता, म्हण. तू रोज रात्री स्वतःची उजळणी कापून तिच्या जागी पुन्हा तोच नेफ्रॉन, मूत्रपिंडातली ती बारीक गाळणी, वाचतोयस.

माझे वडील प्राथमिक शिक्षक. दिवेलागणीला आम्ही चौघं भावंडं ओसरीवर बसून परवचा म्हणायचो. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, म्हणजे पाव, अर्ध्या, पाऊण, सव्वा, दीडपटीचे पाढे. पुस्तक कुणाच्याच हातात नसायचं. मध्येच वडील विचारायचे, ‘सतरा पाऊण?’ आणि ज्याच्याकडे बोट त्यानं सांगायचं. मला तेव्हा हा छळ वाटायचा. आता पाहते तर वरच्या प्रयोगात जे होतं तेच: पुस्तक मिटलेलं, रोज थोडं, अधूनमधून, कुठूनही विचारलेलं. फक्त वडिलांना सिनॅप्स माहीत नव्हता. (पाठांतराचा अभिमान असणाऱ्यांसाठी कंसात: यजुर्वेद मुखोद्गत असलेल्या एकवीस पंडितांचे एमआरआय मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात काढले होते. २०१६ साली निष्कर्ष आले. भाषा आणि स्मृतीशी संबंधित कितीतरी भागांत त्यांचा करडा थर इतरांपेक्षा जाड निघाला. पण पाठांतरामुळे तो जाड झाला, की तसा मेंदू असणारेच त्या अभ्यासात टिकले, हे एकदाच काढलेल्या चित्रावरून सांगता येत नाही. आणि अर्थ न कळता पाठ केलेलं उत्सर्जनसंस्थेच्या प्रश्नाला उपयोगी पडत नाही, हे तुला माहीतच आहे.)

तर उद्यापासून असं कर. धडा एकदा नीट वाच. पुस्तक मीट. कोऱ्या पानावर नेफ्रॉन काढ, नावं दे, कुठे काय शोषलं जातं ते लिही. अडशील. अडल्यावर लगेच पान उघडू नकोस, मिनिटभर झट. मग उघड आणि लाल पेननं दुरुस्त कर. हे वाचनापेक्षा खूप कष्टाचं आहे, पहिला आठवडा तुला वाटेल की आपल्याला काहीच येत नाही. ते खरंच असेल, आणि ते परीक्षेत कळण्यापेक्षा खोलीवर कळलेलं बरं. अकराला झोप.

प्रश्न: मुलगी न्यू जर्सीत, जावई अमेरिकन, घरात इंग्रजी. सहा वर्षांच्या नातीला ‘त’ आणि ‘ट’ सारखेच ऐकू येतात. मला ‘आजी टू ये’ म्हणते. धाकटा नातू पाच महिन्यांचा आहे. त्याचं तसं होऊ नये म्हणून टीव्हीवर दिवसभर मराठी बडबडगीतं लावून ठेवावीत का? मी परत जाईन ती एप्रिलमध्ये. (एक आजी, सध्या पुणे)

ताई, तुमचा नातू आत्ता या क्षणी त आणि ट यांतला फरक तुमच्याइतकाच ऐकतो. त्याची मोठी बहीणही पाच महिन्यांची असताना ऐकत होती.

हे मी मनचं सांगत नाही. व्हँकूव्हरच्या जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ साली नेमके हेच आवाज घेतले होते, हिंदीतले त आणि ट. इंग्रजी घरांतली सहा ते आठ महिन्यांची बाळं बहुतेक सगळी हा फरक ओळखत. दहा ते बारा महिन्यांची झाली की फारच थोडी ओळखत. हिंदी घरातली बाळं मात्र वर्षाची झाली तरी ओळखत राहिली. म्हणजे बाळ सगळ्या जगाचे कान घेऊन येतं आणि वर्षाच्या आत घरात जे आवाज कामाचे आहेत तेवढे ठेवून बाकीचे फरक पुसायला लागतं. इंग्रजीचा ‘टी’ आपल्या त आणि ट यांच्या अधेमधे पडतो. तिथे या फरकानं शब्दाचा अर्थ बदलत नाही, म्हणून मेंदू तो ठेवत नाही. हा मेंदूचा आळस नाही, काटकसर आहे. जपानी बाळांचं र आणि ल यांच्या बाबतीत हेच होतं.

टीव्हीचं मात्र विसरा. सिअ‍ॅटलला पॅट्रिशिया कूल यांनी २००३ साली नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना चिनी भाषा ऐकवली. एका गटाशी चिनी बोलणारी माणसं समोर बसून खेळली, पुस्तक दाखवलं, बारा बैठका. ती बाळं चिनी आवाजांचे फरक ओळखायला लागली. दुसऱ्या गटानं तीच माणसं, तेच बोलणं टीव्हीवर पाहिलं. शून्य. बाळाला आवाज नुसता कानावर पडून चालत नाही. आपण बघितलं की बघणारं, हसलं की हसणारं माणूस समोर लागतं.

यात तुमच्यासाठी एक फट आहे. २०१४ साली दोन-अडीच वर्षांच्या मुलांवर झालेल्या प्रयोगात व्हिडिओ कॉलवरून शिकवलेली नवी क्रियापदं मुलं समोरासमोर शिकवल्यासारखीच शिकली, आणि रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओवरून शिकली नाहीत. पाच महिन्यांच्या बाळाचं तसंच होईल असं मी म्हणणार नाही. पण दिवसभराच्या बडबडगीतांपेक्षा तुमचा दहा मिनिटांचा कॉल, ज्यात तो ‘आ’ करतो आणि तुम्ही ‘काय रे लबाडा’ म्हणता, मला जास्त भरवशाचा वाटतो. आणि मुलीला म्हणावं, अंघोळ घालताना, कपडे घालताना तू तरी मराठीत बोल. तिचा आवाज त्याला जन्माआधीपासून ठाऊक आहे. नवजात बाळं आईचा आवाज ओळखून तोच ऐकायला मागतात हे १९८० सालीच दिसलंय. अभिमन्यूच्या गोष्टीत मला नेहमी वाटतं, त्याला चक्रव्यूह किती कळला असेल कोण जाणे. पोटात शब्दांच्या कडा बोथट होतात, पोचतो तो सूर आणि ताल. सुभद्रेचे हुंकार मात्र त्यानं जन्मभर ओळखले असते.

मोठीचं दार बंद झालेलं नाही. तिला आता आपोआप यायचं नाही, खेळून आणावं लागेल. एप्रिलमध्ये गेलात की ताकाचं भांडं घ्या. तुम्ही ‘ताक’ म्हटलं की तिनं प्यायचं, ‘टाक’ म्हटलं की हातातला चेंडू टाकायचा. वात-वाट, पात-पाट, कितीतरी जोड्या आहेत. चुकली की ताक सांडेल. तेवढं पुसायची तयारी ठेवा.

प्रश्न: बँकेतून निवृत्त झालो आणि ६३व्या वर्षी तबला सुरू केला. वर्ष झालं. बोल तोंडपाठ आहेत, हातावर टाळी देऊन म्हणता येतात. पण ‘तिरकिट’ बोटांत बसत नाही. माझ्याबरोबर लागलेला दहा वर्षांचा मुलगा कुठल्या कुठे गेला. बायको म्हणते आता मेंदू थिजला, भजनात टाळ वाजवा. (एक वाचक, ठाणे)

वहिनींचं निम्मं बरोबर आहे. दहा वर्षांचा मुलगा तुमच्यापुढे जाणारच. ‘थिजला’ मात्र चूक.

जर्मनीत २००४ साली तरुणांना तीन चेंडू झेलत उडवायला शिकवलं. तीन महिन्यांनी हलत्या वस्तू टिपणाऱ्या भागात करडा थर वाढलेला दिसला. सराव सोडल्यावर तो पुन्हा उतरला. मग २००८ साली तोच प्रयोग सरासरी साठ वर्षांच्या माणसांवर केला. तरुणांपेक्षा कमी जणांना जमलं, जमायला वेळ लागला. पण ज्यांना जमलं त्यांच्याही मेंदूत त्याच जागी वाढ दिसली. आणि सोडल्यावर तीही उतरली, हेही लक्षात ठेवा, गणपतीत पंधरा दिवस सुट्टी घेण्याआधी.

तुमचं कोडं वेगळंच आहे: तोंडाला येतं, बोटांना येत नाही. ही दोन खाती आहेत, बँकेतलीच उपमा द्यायची तर दोन वेगळ्या शाखांमधली. बोल आठवतात ते हिपोकॅम्पस आणि वरच्या सालीच्या जोरावर. बोटांचा हिशेब लहान मेंदूकडे आणि मेंदूत खोल असलेल्या पेशींच्या गाभ्यांकडे. मागे मानेच्या वर असलेला लहान मेंदू आम्ही फॉर्मालीनच्या बादलीतून काढून मुलांच्या हातात द्यायचो. दीडशे ग्रॅमच्या आसपास, फुलकोबीच्या गड्ड्यासारखा. मुलं त्याला क्षुल्लक समजायची. मेंदूत एकूण सुमारे ८६ अब्ज चेतापेशी, त्यांतल्या ६९ अब्ज त्या एवढ्याशा गड्ड्यात.

आणि त्याची शिकण्याची रीत मजेशीर आहे. त्यातल्या मोठ्या पेशींना, पर्किंजे पेशींना, एकेका पेशीला लाखाच्या वर बारीक जोड येतात आणि एकच जाड तंतू वेलासारखा चढतो. हात ठरल्याप्रमाणे पडला नाही की तो वेल चेततो, आणि त्या क्षणी जे बारीक जोड चालू होते ते कमजोर होतात. म्हणजे चुकीची वाट पुसून पुसून बरोबर वाट उरते. चुकीशिवाय त्याला शिकायला मालच नाही. पण चूक त्याला वेगवेगळी ओळखू आली पाहिजे. तुम्ही द्रुत लयीत ‘तिरकिट’ची खिचडी करता तेव्हा कोणतं बोट कुठे चुकलं हे त्याला सुटं दिसत नाही, आणि आतले गाभे खिचडीचीच सवय लावून घेतात. गुरुजी ठायीत, म्हणजे संथ लयीत, वाजवा म्हणतात ते काही तुमचं वय बघून नव्हे.

मी स्कूटर शिकले चव्वेचाळिसाव्या वर्षी. क्लच आणि गिअर, डाव्या हातात. वर्गात लहान मेंदू शिकवायचा आणि संध्याकाळी सतारमेकर गल्लीच्या तोंडाशी गाडी बंद पाडायची, असे चार महिने गेले. तिथले भोपळे वाळवणारे कारागीर मला लांबून बघून रस्ता मोकळा करायचे. मोठ्यांना दहा वर्षांच्या मुलापेक्षा जे जास्त छळतं ते मेंदू नव्हे, लाज. मुलगा दिवसात दोनशे वेळा चुकतो आणि त्याला त्याचं काही नसतं. आपण वीस वेळा चुकून थांबतो. लहान मेंदूला मिळालेला माल दहापट कमी.

तोंडाचं आणि हाताचं खातं खरंच वेगळं असतं हे एका माणसानं दाखवून दिलं. हेन्री मोलेसन नावाचा अमेरिकन माणूस होता. फिट्स थांबाव्यात म्हणून १९५३ साली, तो सत्तावीस वर्षांचा असताना, हार्टफर्डमध्ये त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचे हिपोकॅम्पस बरेचसे काढून टाकले. फिट्स पुष्कळ कमी झाल्या, पण त्यानंतर त्याला नवीन काही लक्षात राहीना. आत्ता भेटलेला डॉक्टर पाच मिनिटांनी परका. माँट्रियलहून ब्रेंडा मिलनर त्याला तपासायला यायच्या. त्यांनी त्याला आरशात बघून चांदणीच्या दुहेरी रेषांमधून पेन्सिल फिरवायला लावली. करून पाहा, हात नेमका उलटा जातो, चांगली चांगली माणसं वैतागतात. त्याचीही पहिल्या दिवशी रेषा भरकटली. दुसऱ्या दिवशी कमी. तिसऱ्या दिवशी चांदणी सफाईनं निघाली, आणि हा प्रकार आपण आयुष्यात कधी पाहिलाय हे त्याला माहीतच नव्हतं. हात शिकला होता, त्याला कळवायचं राहिलं होतं.

तुमच्या बोटांचंही आत बरंच चाललेलं असणार. रोज वीस मिनिटं, लय निम्म्यावर आणून, ‘ति-र-कि-ट’ची चारही अक्षरं सुटी ऐकू येतील इतकं हळू वाजवा. तोंडानं बोल म्हणणं थोडे दिवस बंद ठेवा, ते बोटांच्या पुढे धावतं. वहिनींचा टाळ तिथेच असू दे. दिवाळीनंतर काय झालं ते कळवा.